आगीपासूनचे अंतर : दख्खनच्या धातुकलेतील अग्निसाधने आणि त्यांची नक्षी

विषयाची मांडणी

घरातला विस्तव पेटवण्यासाठी, तो सांभाळण्यासाठी, एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्यासाठी, झाकण्यासाठी किंवा त्याची ऊब आणि धूर कामी लावण्यासाठी माणसाने जी धातूची साधने घडवली, त्यांना प्रस्तुत व्याख्यानात ‘अग्निसाधने’ असे म्हटले आहे. चिमटा, फुंकणी, शेगडी, बंब, धुपाटणे, कोळशाची इस्त्री, हुक्का आणि त्याच्या चिलमीवरचे झाकण या सर्व वस्तू या एका नावाखाली येतात. पाश्चात्त्य देशांत याच कुळातील वस्तू फायरप्लेसभोवती, म्हणजे धुराडे असलेल्या भिंतीतील शेकोटीच्या जागेभोवती, मांडलेल्या दिसतात. जळती लाकडे ज्यांवर टेकवायची ते लोखंडी टेकू, निखारे हलवण्याची सळई, फावडे, सांडशी आणि ठिणग्या अडवणारा पडदा असा तो संच असतो. विसाव्या शतकातील आधुनिकतावादी कारागिरांनी आणि आरेखनकारांनी घडवलेले असे संच आज तिकडे संग्राहकांच्या दिवाणखान्यांत शोभेच्या वस्तू म्हणून मानाने ठेवले जातात, आणि ज्या घरांत शेकोटी कधी पेटत नाही, तिथेही ते विकत घेऊन मांडले जातात.

महाराष्ट्रातील बहुतेक घरांना अशा शेकोटीची गरज नव्हती. ब्रिटिश अमदानीत थंड हवेच्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या बंगल्यांत ती आली, पण सामान्य मराठी घराशी तिचा संबंध जडला नाही. तरीही अग्निसाधनांना शोभेचे रूप देण्याची कला या प्रदेशात होती आणि ती अत्यंत प्रगल्भ होती. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी आणि पुढे १६५३ नंतर औरंगाबाद या नावाने मोगलांच्या दख्खन सुभ्याचे केंद्र बनलेले शहर, या कलेच्या अभ्यासासाठी फार सोयीचे ठिकाण आहे. एकीकडे बिदरसारखे धातुकामाचे केंद्र, दुसरीकडे तांबट, कासार आणि लोहार यांची गावोगावची परंपरा आणि तिसरीकडे मोगल व निजामी दरबारांची बैठकीची संस्कृती, या तिन्ही प्रवाहांचा संगम या शहराच्या परिसरात झाला.

या वस्तूंकडे पाहताना एक प्रश्न मध्यवर्ती ठरतो. कोणत्या अग्निसाधनावर नक्षी आली, कोणत्यावर आली नाही, आणि एकाच वस्तूच्या कोणत्या भागावर ती आली, हे कशावरून ठरले? केवळ मालकाची ऐपत किंवा कारागिराची हौस एवढे उत्तर अपुरे पडते. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे की, या वस्तूंची घडण दोन अंतरांनी ठरवली : धातूचे आगीपासूनचे अंतर आणि वस्तूचे माणसाच्या नजरेपासूनचे अंतर. वस्तूचा जो भाग आगीपासून जितका दूर आणि पाहुण्याच्या नजरेजवळ, तितकी त्यावरची नक्षी दाट, आणि जो भाग विस्तवाला भिडलेला, तो उघडा व निखळ कामाचा, असा हा नियम आहे.

धातूंची उतरंड

हा नियम समजण्यासाठी धातूंच्या गुणधर्मांची थोडी उजळणी आवश्यक आहे. चांगल्या पेटलेल्या लाकडाच्या किंवा कोळशाच्या विस्तवाचे तापमान ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना, तांबे आणि जस्त यांची मिश्रधातू असलेले पितळ साधारण ९०० ते ९५० अंशांच्या आसपास, आणि जस्त सुमारे ४२० अंशांना. याचा अर्थ असा की, लोखंड निखाऱ्यात घुसवले तरी टिकते, तांबे पाण्याच्या सोबतीने आगीशेजारी राहू शकते, पितळाला निखाऱ्यापासून थोडे हटून राहावे लागते, तर ज्या धातूत जस्त प्रधान आहे त्याला विस्तवाच्या वाऱ्यालाही उभे करता येत नाही. लोहार, तांबट, कासार आणि बिदरीचा (बिदरच्या चांदी जडवलेल्या धातुकामाचा) कारागीर यांच्याकडे अंशांचे मोजमाप नव्हते, पण धातूचा रंग, आवाज आणि हातोड्याखालचा त्याचा लवचिकपणा यांवरून ही उतरंड त्यांना अचूक ठाऊक होती, आणि त्यांनी घडवलेल्या वस्तू हाच त्या ज्ञानाचा लेखी पुराव्याइतका भक्कम पुरावा आहे.

लोखंड : विस्तवाला भिडणारा धातू

चुलीजवळचा चिमटा हे सर्वांत साधे अग्निसाधन होय. लोखंडाची एक पट्टी मधोमध वाकवून तिचे दोन पाय समोरासमोर आणले की चिमटा तयार होतो. त्याला खिळा नसतो, बिजागरी नसते, स्प्रिंग वेगळी बसवलेली नसते. पट्टीचा वाकच स्प्रिंगचे काम करतो. हात पोळू नये म्हणून लांबी वाढवलेली, पकड नीट बसावी म्हणून टोके किंचित आत वळवलेली आणि खुंटीला अडकवता यावा म्हणून वाकाजवळ कडी घातलेली, एवढीच त्याची घडण. आकार कामातून यावा, असे अमेरिकी वास्तुकार लुई सलिव्हन याने १८९६ मध्ये मांडले आणि विसाव्या शतकातील आधुनिकतावादाने ते ब्रीद म्हणून स्वीकारले; त्या ब्रीदाला चिमट्याइतके चोख उदाहरण क्वचितच मिळेल.

लोखंडाच्या साधनावर नक्षी आली तर ती कुठे येते, हे पाहण्यासारखे आहे. फुंकणी घेतली, तर तिचे विस्तवाकडचे टोक साधे आणि काजळलेले असते, पण तोंडाकडच्या बाजूला काही फुंकण्यांवर कड्या आणि रेघा उठवलेल्या दिसतात. कोळशाच्या शेगडीचे पोट, जिथे निखारे असतात, ते सपाट राहते, पण तिच्या पायांना आणि कडांना मात्र वळण दिलेले असते. लोहाराला थंड टोकावरच हात मोकळा करता येत होता, कारण तापणाऱ्या भागावर कोरलेली रेघ गंजाने आणि आगीच्या पापुद्र्याने काही महिन्यांतच पुसली जाते. मराठवाड्यात गावोगाव फिरून शेतीची अवजारे आणि घरगुती लोखंडी वस्तू घडवणाऱ्या घिसाडी समाजाच्या कामातही हाच संयम दिसतो. या वस्तू कोणी संग्रहालयात मांडत नाही, पण अग्निसाधनांच्या इतिहासाची सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते.

तांबे : बंबाची रचना आणि मठारकाम

लोखंडानंतरची पायरी तांब्याची, आणि तांब्याच्या अग्निसाधनांत मराठी घरातील सर्वांत देखणी वस्तू म्हणजे पाणी तापवण्याचा बंब. बंबाची रचना बाहेरून साधी दिसली तरी आतून फार विचारपूर्वक केलेली असते. एका उभ्या दंडगोलाच्या मधोमध दुसरी नळी असते. त्या नळीत वरून लाकडाच्या ढलप्या, कोळसे किंवा गोवऱ्या टाकतात, आणि नळीच्या भोवतीच्या पोकळीत पाणी असते. खाली जाळी असते, तिच्यातून राख पडते आणि हवा वर ओढली जाते. बंबाला पाय असल्यामुळे जाळीखाली हवेला वाट राहते. एका बाजूला गार पाणी ओतण्याचे तोंड आणि दुसऱ्या बाजूला पितळी नळ, अशी सोय असते. चुलीवर पातेले ठेवले तर ज्वाळा भांड्याला केवळ खालून भिडते आणि उरलेली उष्णता वाऱ्यावर जाते. बंबात मात्र विस्तव पाण्याच्या पोटात असतो, त्यामुळे थोड्या इंधनात घरभराच्या आंघोळीचे पाणी तापते.

या रचनेत तांबे का, याचे उत्तर उष्णतावहनात आहे. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेते. आतल्या नळीला लागलेली आग तत्काळ पाण्यात उतरते आणि पाणी असेपर्यंत तांब्याच्या पत्र्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा फार वर जात नाही. म्हणूनच रिकामा बंब पेटवू नये, असे घरोघरी बजावले जाई. पाणी नसले की पत्र्याचा रक्षणकर्ता जातो आणि डागलेले सांधे सुटतात. तांब्याला आगीच्या इतक्या जवळ नेण्याचे धाडस पाण्याच्या भरवशावर केलेले आहे, हे लक्षात घेतले की बंबाच्या प्रत्येक वळणाचा अर्थ उलगडतो.

बंबाच्या बाहेरच्या अंगावर ओळीने बसलेले हातोड्याचे ठसे दिसतात. तांबटांच्या बोलीत या कामाला मठारकाम म्हणतात. पत्रा ऐरणीवर फिरवत, ठरावीक जोराने, एकाशेजारी एक घाव घालत कारागीर पुढे सरकतो. प्रत्येक घावाची एक लहानशी चकाकणारी खोबण उठते आणि सगळ्या खोबणी मिळून भांड्यावर उजेडाचे जाळे पसरते. पाहणाऱ्याला ही केवळ सजावट वाटते, पण धातुशास्त्राच्या दृष्टीने तिचे काम वेगळे आहे. तांबे मुळात मऊ. त्यावर थंड अवस्थेत घाव घातले की त्याच्या कणांची रचना घट्ट होऊन पत्रा कडक होतो, आणि पातळ पत्र्यालाही पाण्याचा भार पेलण्याची ताकद येते. अर्थात घाव अखेरचे असावे लागतात, कारण नंतर पत्रा पुन्हा लाल तापवला तर ही ताकद निघून जाते. त्यामुळे मठारकाम हे भांड्याचे शेवटचे काम असते, आणि शेवटचे काम असल्यामुळेच ते दिसते. ताकद आणि शोभा एकाच घावात भांड्याला मिळतात. पुण्याच्या तांबट आळीत हे कौशल्य पेशवाईपासून चालत आले आणि तिथे आजही हातोड्यांचा आवाज ऐकू येतो.

बंब परसात किंवा न्हाणीघराजवळ असे, बैठकीत नसे. त्यामुळे त्यावर फुलापानांची नक्षी क्वचित दिसते. कारागिराची हौस नळाच्या तोटीवर, झाकणाच्या बोंडावर आणि खांद्याच्या वळणावर खर्ची पडते. वर्षातून एकदा मात्र तो समारंभाचा मानकरी होई. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशी चिंच आणि रांगोळी लावून तो लख्ख घासला जाई, गळ्यात झेंडूची माळ घातली जाई आणि भोवती रांगोळी काढली जाई. एरवी आगीचे काम करणाऱ्या वस्तूला एका दिवसापुरते नजरेसमोर आणले की सजावट लगेच तिच्याकडे चालून येते, हे येथे स्पष्ट दिसते.

पितळ : हवेची वाट आणि जाळीची नक्षी

पितळ निखाऱ्याशी जपून वागते. म्हणूनच पितळी अग्निसाधनांत निखारा थोडा असतो किंवा राखेच्या थरावर ठेवलेला असतो. धुपाटणे हे त्याचे नमुनेदार उदाहरण. वाटीसारख्या भागात राख, तिच्यावर निखारा, निखाऱ्यावर धूप. खाली दांडी किंवा बैठक, आणि धरण्यासाठी लांब मूठ. झाकण असलेल्या धूपदानात झाकणाला छिद्रे पाडावी लागतात, कारण हवा आत गेली नाही तर निखारा विझतो आणि धूर बाहेर आला नाही तर धूपदानाचा उपयोग उरत नाही. छिद्रे अनिवार्य असल्यामुळे कारागिराने त्यांना वेली, पाकळ्या, तारे आणि कमळे यांचे आकार दिले. जाळीची ही नक्षी म्हणजे हवेची वाटच आहे. छिद्रे बुजवली तर शोभा आणि उपयोग एकाच वेळी नष्ट होतात. पैठणच्या वाड्यांतील देवघरांपासून खुलताबादच्या दर्ग्यांतील लोबानापर्यंत, वेगवेगळ्या श्रद्धांच्या लोकांनी सुगंधी धुरासाठी ही एकच युक्ती वापरली, आणि म्हणूनच या वस्तूंचे आकार धर्माच्या सीमा ओलांडून एकमेकांच्या जवळ आलेले दिसतात.

कोळशाची पितळी इस्त्री हेही याच वर्गातील साधन. तिच्या पोटात निखारे असतात, दोन्ही बाजूंना हवेसाठी भोके असतात, तळ जाड ठेवलेला असतो आणि मूठ लाकडाची असते. धातूवर उष्णता चढत असल्याने हात लागण्याच्या ठिकाणी लाकूड आले. झाकण उघडण्याच्या खिट्टीवर अनेकदा कोंबडा बसवलेला दिसतो. झाकण उचलताना बोटांना पकडता येईल असे उंच काहीतरी हवे होते, ती गरज कोंबड्याच्या तुऱ्याने भागवली. घरोघरी वीज पोहोचली तशी ही इस्त्री मागे पडली, आणि आज ती शहरांतील जुन्या वस्तूंच्या दुकानांत कागदावर ठेवण्याचे वजन म्हणून विकली जाते.

बिदरी : थंड राहिलेला हुक्का

आगीपासून सर्वांत दूर आणि नजरेच्या सर्वांत जवळ असलेली वस्तू म्हणजे बिदरीचा हुक्का, आणि दख्खनच्या अग्निसाधनांतील नक्षीचा कळस तिथेच साधला आहे. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आधी पोहोचली. अकबराचा अधिकारी असद बेग याने विजापुरात ती पाहिली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराच्या दरबारात नेली. पुढे हुक्का, मराठीत ज्याला गुडगुडी असेही म्हणत, हा बैठकीच्या शिष्टाचाराचा भाग बनला. त्याचे मुख्य भाग चार : खाली पाण्याचे भांडे, त्यावर उभी नळी, नळीच्या टोकावर तंबाखू आणि निखारे धरणारी मातीची चिलीम, आणि बाजूने निघणारी लांब लवचिक नळी, जिला नैचा म्हणतात. निखारा चिलमीत, म्हणजे सर्वांत वर असतो. धूर उभ्या नळीतून पाण्यात उतरतो, थंड होतो आणि मग ओढणाऱ्याकडे जातो. पाण्याच्या भांड्यापर्यंत आग पोहोचतच नाही.

ही रचना पाहिली की पाण्याच्या भांड्यासाठी बिदरी का निवडली गेली, हे समजते. बिदरीची मिश्रधातू जस्तप्रधान असते. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे प्रमाण कारागीर सांगतात. अशा धातूला विस्तव सोसत नाही, पण पाण्याने थंड राहिलेल्या भांड्यासाठी ती अगदी योग्य ठरते. आगीचे ओझे मातीच्या चिलमीने उचलल्यामुळे खालचे भांडे कारागिराला हवे तसे सजवण्यासाठी मोकळे झाले. शिवाय लोक गालिच्यावर बसत असल्यामुळे भांड्याचे पोट नेमके बसलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात येई.

बिदरीची कृती या दृष्टीने जवळून पाहण्याजोगी आहे. भांडे मातीच्या साच्यात ओततात आणि कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग त्यावर मोरचुदाचे पाणी चोळून पृष्ठभाग तात्पुरता काळा करतात, म्हणजे पोलादी सुईने काढलेली रेघ पांढरी उमटून स्पष्ट दिसते. नक्षी हाताने काढून झाली की छिन्नीने ती कोरतात आणि खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा हातोडीने ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात आणि खोल कोरून पत्रा बसवण्याच्या कामाला तहनिशान. आफताबी प्रकारात चांदीचा पत्रा पृष्ठभागावर पसरून त्यातून काळ्या धातूची नक्षी उघडी ठेवतात. पुन्हा घासल्यावर सगळे भांडे पांढुरके दिसते, चांदी आणि मूळ धातू यांतला फरकही कळत नाही. शेवटी भांडे मंद तापवून त्यावर बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप चोळतात, तेव्हा जस्ताची मिश्रधातू गडद काळी होते, चांदी मात्र तशीच उजळ राहते. तेलाचा हात फिरवला की काळ्यावर चांदी उठून येते. विस्तव न सोसणाऱ्या या धातूला आपला काळा रंगही थोड्याशा उबेतूनच मिळतो.

सतराव्या शतकातील हुक्क्याची भांडी गोल असत आणि ती उभी राहावीत म्हणून खाली वेगळे कडे ठेवावे लागे. अठराव्या शतकात घंटेच्या आकाराचे, रुंद बुडाचे भांडे रूढ झाले. गालिच्यावर नळी ओढली गेली तरी न कलंडणारे बूड ही त्यामागची सोय उघड दिसते. गोल भांड्यांवर कमानींच्या चौकटींत एकेक फुलझाड उभे केलेले आढळते. अशीच कमानीखालची आणि ओळीत मांडलेली फुलझाडे मोगल इमारतींच्या कोरीवकामात आहेत, आणि संभाजीनगरात १६६० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या बीबी का मकबऱ्याच्या अलंकरणात ती आजही पाहता येतात. एकच आकृती चुन्यात, संगमरवरात आणि चांदीत वावरत होती. इमारतीच्या भिंतीवरून ती बैठकीतल्या भांड्यावर उतरली, कारण दोन्हींचा आश्रयदाता वर्ग एकच होता.

चिलमीवरचे झाकण, ज्याला सरपोश म्हणतात, त्याचाही उल्लेख आवश्यक आहे. वाऱ्याने राख आणि ठिणग्या गालिच्यावर उडू नयेत म्हणून जाळीचे, अनेकदा साखळ्या लावलेले धातूचे झाकण चिलमीवर ठेवत. फायरप्लेससमोरचा पडदा जे काम करतो, तेच काम दख्खनच्या बैठकीत सरपोश करत असे.

१८५१ मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात बिदरी मांडली गेली आणि तिथून ती युरोपातील संग्रहालयांत पोहोचली. घरी मात्र तिचा व्यवहार राजकीय घडामोडींनी बदलला. बिदर आणि मराठवाडा ज्यात होते ते हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात, तर बिदर म्हैसूर राज्यात गेले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठवाड्यात आले, पण कारागिरांची मुख्य वस्ती सीमेपलीकडे राहिली. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. संभाजीनगरच्या बाजारात पैठणी आणि हिमरू या वस्त्रांबरोबर बिदरी आजही विकली जाते, पण हुक्क्याच्या जागी आता फुलदाण्या, डबे आणि पदकांच्या तबकड्या आल्या आहेत.

युरोपीय शेकोटी आणि आधुनिकतावाद

दोन अंतरांचा हा नियम केवळ दख्खनपुरता आहे काय, हे तपासण्यासाठी युरोपीय फायरप्लेसकडे वळणे उपयुक्त ठरते. लाकडे टेकवण्याच्या टेकूचा मागचा आडवा दांडा, ज्यावर जळते ओंडके असतात, तो लोखंडाचा आणि साधा असतो. पुढचा उभा भाग, जो दिवाणखान्याकडे तोंड करून असतो, तो मात्र पितळी, कांतीव आणि नक्षीदार असतो. निखाऱ्यात शिरणारी सळई लोखंडी किंवा पोलादी आणि तिची मूठ पितळी, हाही तोच नियम. एकमेकांना न भेटलेल्या कारागिरांना आगीने एकच शिस्त लावली होती.

इंग्लंडमधील आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीने, म्हणजे यंत्राच्या स्वस्त मालाविरुद्ध हस्तकौशल्याची बाजू घेणाऱ्या चळवळीने, या साधनांकडे नव्या आदराने पाहिले. अर्नेस्ट गिमसन (१८६४–१९१९) याने आरेखिलेले आणि आल्फ्रेड बकनेल या लोहाराने घडवलेले पोलादी टेकू व सांडशा यांत छिन्नीच्या बारीक रेघा असल्या तरी घडण अगदी सरळ आहे. पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनानंतर आर्ट डेको या नावाने ओळखल्या गेलेल्या शैलीत एडगार ब्रांट (१८८०–१९६०) याने घडीव लोखंडाला वेलबुट्टीचे आणि कारंजांचे रूप दिले, आणि ऑक्सि-ॲसिटिलीन ज्वाळेने जोडकाम करण्याची नवी सोय त्यासाठी वापरली. त्याच दशकात क्रोमियमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर शक्य झाला, तेव्हा शेकोटीची साधने आरशासारखी चकचकीत आणि भौमितिक आकारांची होऊ लागली.

व्हिएन्नाच्या ॲडॉल्फ लोस या वास्तुकाराने १९१०च्या सुमारास अलंकरणावर घणाघाती टीका केली, आणि १९१९ मध्ये वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस शाळेच्या धातुशाळेने शंकू, गोल आणि दंडगोल या मूळ आकारांतून वस्तू उभ्या केल्या. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट या वास्तुकाराने पेनसिल्व्हेनियातील फॉलिंगवॉटर या घरासाठी (१९३५–३७) शेकोटीशेजारी लोखंडी हातावर टांगलेली एक लाल गोल किटली आरेखिली. पेय तापवायचे असेल तेव्हा ती आगीवर फिरवून आणायची आणि एरवी दगडी भिंतीतल्या तिच्याच आकाराच्या कोनाड्यात ठेवायची. फ्रान्सच्या डॉमिनिक आँबेर याने १९६८ मध्ये छतापासून लोंबकळणारी आणि सभोवती फिरणारी पोलादी शेकोटी घडवली, तेव्हा भोवतीची साधने मागे पडून शेकोटी स्वतःच शोभेची वस्तू बनली.

या सर्व वस्तूंत आधुनिकतावादाने नक्षी काढून टाकली, पण आगीची शिस्त त्याला मोडता आली नाही. फॉलिंगवॉटरची किटली आगीवर असताना निव्वळ गोल असते आणि आगीपासून दूर कोनाड्यात बसली की शिल्प होते. चार्ल्स आणि रे ईम्स या आरेखनकारांनी भारत सरकारसाठी १९५८ मध्ये केलेल्या अहवालात साध्या लोट्याचे भारतीय घडणीचा श्रेष्ठ नमुना म्हणून कौतुक केले, आणि त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय आरेखन संस्था सुरू झाली. लोट्याला तो मान मिळाला; बंब आणि चिमटा मात्र त्या चर्चेत आले नाहीत. वास्तविक पिढ्यान्‌पिढ्या हातांनी पारखलेल्या घडणीचा जो गुण लोट्यात दाखवला जातो, तोच गुण या दोन्हींत आहे, आणि त्यात आगीला तोंड देण्याची अवघड अट अधिक आहे.

जपणुकीचा प्रश्न

गॅस, विजेचा गिझर आणि स्टेनलेस स्टील यांनी विस्तवाला घराबाहेर काढले, आणि लाकडाच्या धुराने गेलेले स्त्रियांचे डोळे व फुफ्फुसे आठवली तर या बदलाचे स्वागतच करावे लागते. प्रश्न केवळ मागे उरलेल्या वस्तूंचा आहे. त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या : मोडीत जाऊन किलोच्या भावाने वितळणे, किंवा काम हरवून निव्वळ शोभेची वस्तू होणे. दुसरी वाट बरी, पण तीही निर्धोक नाही. बंबाला भोक पाडून त्याचा दिवा करतात, तेव्हा आतली नळी आणि जाळी फेकली जाते आणि बंबाचे सर्वांत मोलाचे ज्ञान तिच्याबरोबर जाते. बिदरीची भांडी चिंचेने किंवा पितळेच्या पावडरने घासतात, तेव्हा जस्तावरचा काळा थर उतरतो आणि चांदीची नक्षी उघड्या राखाडी धातूत बुडून जाते. बिदरीला मऊ कापड आणि तेलाचा हलका हात एवढेच हवे. हुक्क्याचे भांडे, नळी आणि सरपोश वेगवेगळे विकले गेले की त्या तिन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध पुन्हा जोडता येत नाही.

संभाजीनगरच्या सोनेरी महालातील आणि विद्यापीठातील संग्रहालये, पैठणचे बाळासाहेब पाटील संग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अशा संस्थांनी घरगुती वस्तूंना कलेच्या पंक्तीत बसवण्याचे मोठे काम केले आहे. त्या कामाचा पुढचा टप्पा म्हणून अग्निसाधने शतकानुसार किंवा धातूनुसार न मांडता आगीपासूनच्या अंतरानुसार मांडली जावीत : आधी निखाऱ्यात जाणारे लोखंड, मग पाण्याने राखलेले तांबे, मग राखेवर निखारा पेलणारे पितळ आणि शेवटी वापरात कधीही न तापणारी बिदरी. अशा मांडणीत चिमटा आणि चांदीच्या नक्षीचा हुक्का एकाच रांगेत येतील, आणि गरीब घराची वस्तू व दरबारी वस्तू एकाच ज्ञानाची दोन टोके आहेत, हे शाळकरी मुलालाही उमगेल.

हे काम केवळ संस्थांवर सोडून चालणार नाही. ज्यांच्या माळ्यावर बंब, धुपाटणे, इस्त्री किंवा गुडगुडी असेल, त्यांनी ती वस्तू तिच्या सगळ्या सुट्या भागांसह एकत्र ठेवावी. ती कोणी घडवली, कुठून आणली, कशी पेटवत, कशी घासत आणि तिच्या प्रत्येक भागाला घरात काय म्हणत, हे एका कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवावे. ती वस्तू स्वतः वापरलेली माणसे अजून घराघरांत आहेत. त्यांना विचारून ही नोंद याच वर्षी करून ठेवावी, एवढीच या व्याख्यानाची श्रोत्यांना आणि वाचकांना विनंती आहे.